पाऊणपट तिथीचं पाणी

पाचवीत अपूर्णांक शिकवायला घेतले की फळ्यावर एक गोल भाकरी उमटते. तिचे चार भाग करायचे, तीन रंगवायचे, खाली तीन छेद चार लिहायचं. मुलं मन लावून करतात, रंगीत खडूसाठी भांडतात, आणि पंधरा दिवसांनी ‘पाऊण तास म्हणजे किती मिनिटं’ असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यंदा आमच्या वर्गात तीन छेद चार आला तो चवथीच्या विसर्जनातून, आणि अजून गेलेला नाही. गणिताला येतो, परिसर अभ्यासाला येतो, मराठीच्या निबंधातही येऊन बसतो. गेल्या काही महिन्यांत ही मुलं काय काय शिकली ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं फार वाटत होतं.

आमची शाळा पेडणे तालुक्यात, शापोरा नदीपासून हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रात तिलारी म्हणून ओळखलं जाणारं पाणी गोव्यात शापोरा होऊन येतं, पेडणे आणि बार्देश यांच्या मधून वाहतं आणि मोरजीपाशी समुद्राला मिळतं. समुद्र एवढा जवळ असल्यामुळे नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. मुलांना त्याचं काहीच नवल नाही. जन्मापासून बघतात. नवल वाटायला लावणं हे माझं काम होतं, पण ते एका मुलीने माझ्याआधी केलं.

सुट्टी संपून शाळा भरली होती. कोणाच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, काय काय बांधलं होतं, कोणाकडच्या नेवऱ्या कधी संपल्या, हेच चाललेलं. ती म्हणाली, “टीचर, आमचा गणपती दीड दिवसाचा. पोचवायला गेलो तेव्हा पाणी इतकं आत गेलेलं की बाबा आणि काका गुडघाभर चिखलातून चालत गेले. मावशीकडचा पाच दिवसांचा. त्याच जागेवर पोचवला, तर पाणी पायरीला लागलेलं. वेळ तीच, दिवेलागणीची. मग असं कसं?”

भरती-ओहोटी हे उत्तर सगळ्यांना येत होतं आणि सगळ्यांनी ते ओरडून दिलंही. पण तिने विचारलं होतं ते वेगळं. कोणत्या दिवशी, किती वाजता? आधी सांगता येईल का? मी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली. मागच्या बाकावरून आवाज आला, “माझे आजोबा तिथीवरून सांगतात. त्यांना घड्याळ लागत नाही.”

त्या आठवड्यात आजोबा वर्गात आले. मुक्तीनंतर, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना, गावोगाव ज्या मराठी शाळा निघाल्या त्यांतल्या एकीत ते शिकले. पुढचं सगळं आयुष्य शेतात आणि नदीवर गेलं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, “तिथीची पाऊणपट करायची. चवथ म्हणजे चार. चार पाऊण तीन. तीनला पाणी भरलं. पंचमी, पाच पाऊण पावणेचार. तुम्ही सातला गणपती घेऊन गेलात, म्हणजे पाणी सुकायला लागून तीन तास झाले. चिखल लागणारच. पाच दिवसांचा गणपती अष्टमीला जातो. आठ पाऊण सहा. सहाला भरलेलं पाणी सातला कुठं जातंय?” मग मुलांनी विचारलं म्हणून एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन करत पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत कुठेही न अडखळता म्हणून दाखवलं.

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. हा पाढा कुठल्या वहीच्या मागे छापलेला असतो, असं एकाने विचारलं. कुठल्याच नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, हे एकेकाळी शाळेत पाठ करून घेत. दुकानात, मापात, मजुरीच्या हिशेबात ते रोज लागे. नंतर दशांश आले, कॅलक्युलेटर आला, आणि हे पाढे गेले. ते सगळे परत आणा असं मी म्हणणार नाही. पण पाठांतर म्हणजे मागासलेपण, हे जे अलीकडे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. जिभेवर बसलेली गोष्टच माणूस चालता चालता ताडून बघू शकतो. हे पुढे मुलांनीच दाखवून दिलं.

पाऊणकी आम्ही नव्याने तयार केली. पंधरा गुणिले तीन छेद चार, म्हणजे पंचेचाळीस छेद चार, म्हणजे अकरा पूर्णांक एक छेद चार. अंशाधिक अपूर्णांकाचं पूर्णांकयुक्त रूप कर, असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते का करायचं ते कोणालाच कळत नाही. इथे कळलं, कारण पंचेचाळीस छेद चार वाजता कोणी होडी सोडत नाही. सव्वाअकराला सोडतात. दोन तासांत तक्ता झाला आणि घड्याळाच्या शेजारी लागला.

तक्ता लागला त्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, “पण आजोबांचं बरोबर आहे कशावरून?” ज्याचे आजोबा तो चिडला. त्याने घरी जाऊन सांगितलंसुद्धा. आजोबांचं उत्तर आलं, “जाऊन बघा की.”

मग आम्ही बघायला लागलो. एक लांब बांबू आणला, पांढरा रंगवला, दर दहा सेंटिमीटरला लाल ऑइलपेंटची रेघ मारली, आणि मोठ्या माणसांकडून मानशीजवळच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या लाकडी दारांजवळच्या, दगडी बांधाला तारेने घट्ट बांधून घेतला. नदीकाठी घर असलेल्या मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. सोबत घरातलं मोठं माणूस हवंच, हा नियम पहिल्या दिवसापासून होता आणि तो कोणी मोडला नाही. वहीत चारच रकाने: तारीख, तिथी, वेळ, पाणी कितव्या रेघेवर.

आठवड्याभरात वह्यांवरून भांडणं सुरू झाली. पाणी पूर्ण भरलं ते नेमकं कधी? भरतीच्या शेवटाला पाणी कितीतरी वेळ एकाच रेघेवर उभं असतं. चढतंय की उतरतंय ते डोळ्याला कळत नाही. एकाने तीन लिहिले, त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या बहिणीने तीन वीस, आणि दोघांचंही खरं होतं. यावर तोड काढली ती वर्गात फारशी न बोलणाऱ्या एका मुलीने. ती म्हणाली, पाणी भरल्याची वेळ बघूच नका. आठव्या रेघेवरून पाणी वर गेलं ती वेळ लिहा. मग खेळा. त्याच रेघेवरून खाली उतरलं की ती वेळ लिहा. दोन्हीच्या मधोमध भरती. चढताना दोन दहा, उतरताना साडेतीन, तर मध्य दोन पन्नास.

यात काय काय आहे बघा. सरासरी आहे. साठ मिनिटांच्या हिशेबातली बेरीज-वजाबाकी आहे. आणि जे नीट दिसत नाही ते मोजायला, जे स्पष्ट दिसतं त्याच्या दोन बाजू पकडायच्या, ही शास्त्रातली जुनी युक्ती आहे, जी तिला कोणीही सांगितलेली नव्हती. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवताना हेच सांगत होते.

वह्या भरत गेल्या. मुलांना वाटलं होतं की पाणी रोज बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी पुढे जाईल. तसं गेलं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ते जेमतेम चाळीस मिनिटांनी सरके. अष्टमीच्या भांगाच्या पाण्याला एका तासाहूनही जास्त. सगळ्यांची सरासरी काढली तर पन्नासच्या आसपास आली. काही मुलं हिरमुसली. आकडे सारखे आले नाहीत म्हणजे आपलं चुकलं, असं ती शाळेतच कुठेतरी शिकलेली असतात. त्यांना हे सांगायला मला एक अख्खा तास लागला की पाणी असंच वागतं. ओढणारे दोन आहेत, चंद्र आणि सूर्य. दोघं एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग, आणि मधल्या दिवसांत सूर्य भरतीची वेळ थोडी अलीकडे-पलीकडे खेचतो. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची चढ-उतार सुमारे दोन मीटर असते, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. बांबूवर हे फार सुंदर दिसलं. उधाणाच्या दिवसांत ओलं-कोरडं होणारा पट्टा लांबलचक, भांगाच्या दिवसांत आखूड.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

ज्या मुलाने आजोबांवर शंका घेतली होती, तो तक्त्यासमोर उभा होता. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर, हा आत. मला म्हणाला, “टीचर, अमावास्या पंधरावी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एक पाऊण पाऊण. म्हणजे पावणेएक. सव्वाअकरावरून एकदम पावणेएक? रोज पाऊण तास सरकणारं पाणी या एकाच दिवशी दीड तास उडी का मारतं?”

हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आमच्या किनाऱ्यावर सगळेच ऐकतात. तक्त्यातली ही फट पाचवीतल्या मुलाला दिसली, कारण तक्ता त्याने स्वतः केलेला होता आणि पाढा पाठ होता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण वर्ग त्यावर बसला. मी एवढंच विचारलं की एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पाणी किती फिरतं? वह्या उघडल्या. अमावास्येला जी वेळ, जवळपास तीच पौर्णिमेला. म्हणजे घड्याळाचा काटा एक पूर्ण फेरी मारून परत आला. बारा तास. आणि मधे तिथी किती? पंधरा. बारा तास पंधरा तिथींत सारखे वाटले तर एका तिथीला बारा छेद पंधरा. संक्षिप्त रूप, चार छेद पाच. चार पंचमांश तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. “तीनच मिनिटं!” कोणीतरी निराशेने म्हणालं. मग छेद समान करून बघा, मी म्हटलं. तीन छेद चार म्हणजे पंधरा छेद वीस. चार छेद पाच म्हणजे सोळा छेद वीस. फरक एक छेद वीस तास, तीनच मिनिटं. पण ती तीन मिनिटं पंधरा तिथी साठत राहिली तर? पंधरा त्रिक पंचेचाळीस. बरोबर तोच पाऊण तास, जो अमावास्येला हरवलेला होता.

त्यानंतर वर्गात जो गोंधळ झाला तो मी थांबवला नाही. शेजारच्या वर्गातून निरोप आला, मग थांबवला.

रोजची सरासरी पन्नास आणि तिथीची अठ्ठेचाळीस, हा फरकही मुलांनी धरला. त्याचं एक कारण असं, की तिथी दिवसाहून किंचित लहान असते; सुमारे साडेएकोणतीस दिवसांत तीस तिथी होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात मधूनच एखादी तिथी गळलेली का दिसते, याचंही उत्तर त्यात होतं.

आजोबांना सांगायला नातू आणि तो शंकेखोर मुलगा दोघं मिळून गेले. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अमाशेची आणि पुनवेची वेळ आम्ही पाढ्यावरून धरतच नाही, ती डोळ्यांनी बघायची आणि तिथून पुढे नवं मोजायचं. शिवाय पाऊणपटीची वेळ सगळीकडे तंतोतंत लागत नाही; नदीच्या तोंडाशी पाणी आधी भरतं, आत वर उशिरा. प्रत्येक जागेचा आपापला फरक असतो, तो तिथं राहणाऱ्याला ठाऊक असतो. मुलांनी हे सगळं लिहून आणलं. पाऊण घेतला तो पाठ असतो म्हणून, चार पंचमांशाचा पाढा कोणी करून ठेवला नाही म्हणून, आणि साठत जाणारी चूक पंधरवड्याला डोळ्यांनी पुसायची. ढोबळ नियम आणि त्याची दुरुस्ती, दोन्ही त्या माणसाकडे होतं. मुलांनी त्याचं कारण शोधलं. घरात आजोबांकडे असतं ते ज्ञान नव्हे आणि पुस्तकात छापलेलं तेवढंच ज्ञान, अशी एक भिंत आपल्या मुलांच्या मनात फार लहानपणी उभी राहते, घरात कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांच्या मनात तर जरा जास्तच. ती भिंत त्या आठवड्यात आमच्या वर्गापुरती तरी खाली आली. माझ्या नोकरीत मला याहून मोठं काही मिळेल असं वाटत नाही.

चंद्राची वही वेगळी होती. पौर्णिमेनंतर चंद्र कधी उगवतो ते लिहायचं. तोही रोज उशिरा, सरासरीने पन्नास मिनिटांनीच. दोन वह्यांत एकच आकडा बघून मुलांचे डोळे चमकले. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी पन्नास मिनिटं फिरावं लागतं. हे मैदानावर एकाला गोल चालवून आणि एकाला जागेवर गिरकी घ्यायला लावून दाखवलं.

पण मग दिवसातून दोनदा भरती का? चंद्र एक, तो डोक्यावर येतो एकदा. हा प्रश्न मोठ्या माणसांनाही अडवतो. आम्ही तीन मुलं एका ओळीत एकामागे एक उभी केली, तोंडं शेवग्याच्या झाडाकडे. झाड म्हणजे चंद्र. झाडाजवळचा मुलगा म्हणजे अलीकडचं पाणी, मधली मुलगी पृथ्वी, शेवटचा पलीकडचं पाणी. जो जवळ त्याच्यावर ओढ जास्त. शिट्टी वाजली की पहिल्याने तीन पावलं टाकायची, मधलीने दोन, शेवटच्याने एक. शिट्टी वाजली. बघितलं तर मधलीच्या दोन्ही बाजूंना जागा पडलेली. पुढचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं गेलं म्हणून फुगवटा. मागचं कमी ओढलं गेलं, पृथ्वीच त्याला सोडून पुढे सरकली, म्हणून तिथेही फुगवटा. पृथ्वी फिरताना आपला गाव दोन्ही फुगवट्यांखालून जातो. मधली मुलगी म्हणाली, “म्हणजे मी हललेच नसते तर मागे भरती झाली नसती.” पुस्तकातल्या आकृतीत हे वाक्य नसतं.

आता मानशीविषयी, कारण बांबू तिथेच बांधला होता आणि मुलांचा अर्धा वेळ तिच्याकडे बघण्यात गेला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नदीच्या खाऱ्या पाण्याला मातीचे लांबच लांब बांध घालून आत शेती करायची, ती खाजन शेती. ही रचना काही हजार वर्षं जुनी मानली जाते. बांधात जागोजागी चिरेबंदी तोंड असतं आणि त्याला लाकडी दारं, ती मानस. बाहेर भरती आली की पाण्याचा दाबच दारं मिटतो, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पावसाचं पाणी दारं ढकलून बाहेर जातं. विजेचा पंप नाही, माणूस नाही. पावसाळ्यात शेतातला खार धुऊन जातो आणि कोरगुट पिकतं, थोडा खार सोसणारं भात. पीक निघालं की मुद्दाम खारं पाणी आत घेतात आणि तिथे सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे, काळुंदरं हे मासे वाढतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मानशीच्या तोंडाशी जाळं लावून जी मासळी मिळते तिच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. भागाकार मुलांनीच केला: जवळजवळ एक छेद वीस. वीस चौकोनांतला एक हिरवा रंगवला, आणि हा एक छेद वीस आधीच्या तीन मिनिटांतही होता, हे दोघा-तिघांनी ओरडून सांगितलं.

वर्गात मानस करायची ठरली. एकाच्या घरचा जुना फिशटँक, मधे प्लायवूडचा पडदा, त्याला खिडकी, आणि खिडकीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरच्या कडेने चिकटवलेला. पहिल्यांदा ट्यूब शेताच्या बाजूला लावली. नदीच्या बाजूला पाणी ओतलं तर दार आत ढकललं जाऊन शेत बुडालं. ट्यूब काढून नदीच्या बाजूला लावली. आता नदीत पाणी वाढवलं की रबर खिडकीच्या कडांवर चपखल बसे; मगाने नदी उपसली की शेतातलं पाणी रबर उचलून बाहेर पळे. नदीच्या पाण्यात शाई घातली होती, चोरून आत आलेलं कळावं म्हणून. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की दार ना धड मिटलेलं ना उघडं, नुसतं हलत राहतं, आणि निळा धागा हळूच आत उतरतो. हे बघून एक मुलगी म्हणाली, खऱ्या मानशीतही तेव्हाच गळत असणार. पुढच्या उधाणाला ती खात्री करून आली. गळत होतं.

मराठीच्या तासाला निबंध दिला, मानशीचं आत्मवृत्त. आत्मवृत्तांत मुलं बहुतेक वेळा फाटकी छत्री आणि जुना वटवृक्ष यांची तीच ती रड लिहितात. या वेळी एकाने लिहिलं: “मला दिवसातून दोनदा उघडावं लागतं आणि दोनदा मिटावं लागतं. रविवारीसुद्धा. माझी वेळ रोज बदलते, पण मी ती कधी चुकले नाही.” मी त्याला तांबड्या शाईने काहीच लिहिलं नाही. वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं.

थोडं दुखणारंही बघितलं. पलीकडच्या वाड्यावरचं खाजन काही वर्षांपूर्वी बांध फुटून खाऱ्या पाण्याखाली गेलं ते तसंच आहे. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात, उधाणाचं पाणी त्यांतून पाझरतं, वेळीच माती आणि गवताचा पेंढा घालून बुजवलं नाही तर एका रात्रीत भगदाड पडतं. पूर्वी गावकरी बांध राखत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. त्यातल्या काही जागरूक आहेत, काही नावापुरत्या उरल्या. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद करून खाजन जमिनी राखायला सांगितलं आहे, पण बिळं कागदाने बुजत नाहीत. बांधावर उभं राहून मुलांनी दोन्हीकडे बघितलं. डावीकडे कापणीनंतरचे कोरगुटाचे खुंट, उजवीकडे पाणी आणि शेताच्या मधोमध उगवलेलं कांदळ. कांदळ वाईट नव्हे. नदीच्या बाजूला तेच लाटा अडवून बांध वाचवतं. शेतात उगवलं म्हणजे शेत गेलं. ज्या मुलाचं ते शेत होतं त्याने बोट दाखवून आपला कोपरा दाखवला. कोणी काही विचारलं नाही.

एका पालकांनी मला भेटून विचारलं, हे सगळं परीक्षेत येणार का? प्रश्न रास्त आहे. त्यांचं मूल, त्यांची काळजी. मी त्यांना मुलाची गणिताची वही दाखवली. छेद समान करणं, अंशाधिकाचं रूपांतर, सरासरी, वेळेची गणितं, क्षेत्रफळाचा भागाकार. पाचवीच्या पुस्तकातले हे भाग झालेच होते, आणि उदाहरणं पुस्तकातल्यापेक्षा जास्त सोडवलेली होती. ते वही चाळत राहिले. मग म्हणाले, अमावास्येला पाणी किती वाजता धरायचं ठरलं शेवटी? त्यांचं स्वतःचं होडकं आहे.

सध्या एक नवं प्रकरण निघालं आहे. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी बांबू बघायला गेलं की आदल्या दुपारच्या खुणेच्या वर ओल दिसते, वर शेवाळ आणि पाल्यापाचोळ्याची रेघ. म्हणजे रात्रीचं पाणी दिवसाच्या पाण्याहून मोठं येतंय. आजोबांनी सांगितलं, पावसात दिवसाचं मोठं, थंडीत रात्रीचं. चंद्र विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतो, कधी उत्तरेला असतो कधी दक्षिणेला, त्यामुळे दोन फुगवटे तिरके बसतात आणि आपल्या गावाला एक जास्त मिळतो, एक कमी. हे मला माहीत आहे, पण अजून वर्गात सांगितलेलं नाही. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून पुसून ठेवला आहे, बॅटरीचे सेल आणले आहेत. शंकेखोर मुलाने आतापासूनच विचारून ठेवलं आहे की मग आपल्या तक्त्यात दिवसाचा आणि रात्रीचा रकाना वेगळा करायला नको का. सोमवारी पहिल्या तासाला करायला घेऊ.